धुडकूरावांनी गल्ल्याचे मशीन सर केले, त्याची हकीकत

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, सरोन चार दिवस जाहले असता सुरतेच्या नवागाम पेठेतील समस्त मंडळींनी ओट्यावर बैसोन पृच्छा केली की, राजश्री धुडकूराव, रेडिओ-टेप-टीव्ही दुरुस्तीचे मनसबदार, सणाच्या तोंडावर लंगडत होते, तो पाय कोणत्या रणात जायबंदी जाहला आणि एकाएकी बरा कैसा जाहला? त्यांचे आग्रहावरून घडले तैसे, पदरचे तिखटमीठ बेताने घालोन, सांगतो. ऐकावे, मध्येच चहाची फर्माईश करू नये.

शके एकोणीसशे अठरा, धातानाम संवत्सर, चैत्र वद्य सप्तमीचे दिवशी धुडकूराव खासा सायकलस्वार होऊन सुरत शहरी ठाकोरभाई खमणवाले यांचे दुकानी टेप दुरुस्तीस गेले. तेथे कोपऱ्यात गोणपाटाखाली एक विजेवरचे गल्ल्याचे मशीन, जपानी विलायतेचे, दहा वर्षांमागचे, धूळ खात पडले होते. धुडकूरावांची नजर तेथेच खिळली. ते पाहोन ठाकोरभाई बोलिले, "आ मशीन मारे त्यां नवरूं पड्युं छे, लई जा!" गुर्जर भाषेत नवरूं म्हणजे रिकामे, कामाविना पडोन असलेले. आपल्याकडचा अर्थ सर्वांस ठाऊक आहेच, आणि दोहोंत फारसा फरक नाही असे कित्येक बायकांचे मत आहे. हा शब्द ध्यानी धरावा, पुढे याच शब्दाने अनर्थ मांडिला.

मग ठाकोरभाईंचा हुकूम जाहला की, मशीन न्यावे, दुरुस्त करावे, विकावे, सातशे आम्हांस द्यावे, वरचे तुमचे. परंतु तोवर काही ओलीस ठेवावे. धुडकूरावांचे दुकानातील यच्चयावत मुद्देमाल गिऱ्हाइकांचा. घरात स्वतःचे म्हणावे ऐसे एकच रत्न, ते म्हणजे सौभाग्यवती सरलाबाईंचा मिक्सर, तीन भांड्यांचा. तो गेल्या आखाजीस त्यांचे बंधू सुकदेवराव यांनी अमळनेराहून गाडीत मांडीवर घेवोन, वाटेत कोणास पाय लावू न देता, आणिला होता. सरलाबाई नळावर पाण्यास गेल्या ऐसे साधोन धुडकूरावांनी तो पिशवीत घातला आणि खमणवाल्यांचे स्वाधीन केला, आणि मशीन कॅरिअरवर बांधोन आणिले. घरी विचारणा होताच, मिक्सरचे कार्बन झिजले, बदलावयास दिला आहे, ऐसा अर्ज केला.

सरलाबाईंनी कपाळावर आठी आणोन खलबत्ता काढिला आणि फर्मान सोडिले की, वैशाख शुद्ध प्रतिपदेस माझा भाऊ मला न्यावयास येतो; तो घरात पाऊल टाकील तेव्हा मिक्सर फळीवर दिसला नाही, तर मी माहेरी जाईन ती पोळा जाहल्याखेरीज परतणार नाही. पोळा म्हणजे चार महिने. भाकरीची चिंता होतीच, ती काय, एखाद्या भोजनालयी जाऊन भागती; परंतु मेव्हण्यापुढे मान खाली जाईल ही लाज होती, आणि सरलाबाई नसल्या म्हणजे घर त्यांस खावयास उठे, हे खरे होते. ते कोणास बोलिले नाहीत, बखरकारास मात्र ठाऊक आहे.

मग मशीनची किंमत ठरविण्याची मसलत बसली. शोरूममध्ये नवे विचारिले तो चौदा हजार. भंगारवाल्याने काट्यावर टाकिले तो अकरा किलो, आठ रुपये दराने अठ्ठ्याऐंशी. या दोन टोकांचे दरम्यान खरी किंमत कोठे तरी दडोन बसली होती. तेव्हा बमरोलीचे भोजनालयाधिपती बळीराम, गुडघ्यावर पितळी डबा ठेवोन बारा वर्षे गल्ला सांभाळणारे, यांस पाचारण केले. त्यांनी मशीनभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या आणि कौल दिला की, मोठ्या हॉटेलात बटण दाबताच खण 'टिंग' करोन बाहेर येतो आणि शेठच्या पोटास लागतो, तैसा लागला तर तेराशे. न लागला तर तीनशे, कारण हाताने ओढावयाचा तर माझा डबा काय वाईट? तीनशेत ओलीस सुटत नव्हता. म्हणजे सरलाबाईंचे परतणे त्या एका खणावर येवोन ठेपले.

मग युद्धास तोंड लागले. कवच उघडता आतील बॅटरी पाझरोन सर्किटच्या पाटीवर हिरवी बुरशी चढली होती. धुडकूरावांनी स्वतःचा दात घासावयाचा ब्रश पेट्रोलात बुडवोन ती घासोन काढिली, आणि जेथे रेघ तुटली तेथे केसाएवढी तार डाग देवोन जोडिली, आणि दुसरे दिवशी दात बोटाने घासिले. सात आणि आठ ही बटणे दबत नव्हती. उचकटता खाली वघारातील, म्हणजे फोडणीतील, मोहरी निघाली, एकूण तेवीस दाणे, दहा वर्षांच्या खमणाचे. छपाईची शाई सुकली होती, तेथे पोस्टाच्या शिक्क्याची जांभळी शाई पाजिली. ऐसे करिता अमावास्येचे आदले दिवशी दुपारी हिरवे आकडे लखलखले, कागदावर हिशेब उमटला, आणि घरातून खलबत्त्याचा धडाका चालू होता तो रणवाद्यांसारखा भासला. काळा मसाला कुटला जात होता आणि प्रत्येक घावास धुडकूरावांचे काळीज हलत होते.

परंतु खण उघडेना. बटण दाबावे तो आत 'टक्' व्हावे आणि खण जागीच. मशीनचे पोटाखालची कळ बोटाने ओढिली तर उघडे, बटणाने नाही. धुडकूरावांनी निदान केले की खण सोडणारी कॉइल जळाली, ती मुंबईहून मागवावी लागेल, आठ दिवस. येथे दोन दिवस उरलेले. तेव्हा धुडकूराव डोके धरोन स्टुलावर बैसले आणि, सत्य लपवू नये, डोळे पुसते जाहले.

तोच सरलाबाई चहा घेवोन आल्या. त्यांची दृष्टी उघड्या खणात गेली. मागील भिंतीस कुंकवात चिकटविलेला एक रुपया होता. व्यापारी लोक गल्ला कधी रिता ठेवीत नाहीत, शकुनाचा सव्वा रुपया त्यात कायमचा असतो, हे धुडकूरावांस ठाऊक होते, म्हणोनच त्यांनी त्या रुपयास हात लाविला नव्हता. परंतु ठाऊक असणे निराळे आणि ध्यानी येणे निराळे. सरलाबाई बोलिल्या, "रुपया शे, मंग चाराना कथा ग्या?"

धुडकूरावांनी आ वासिला. खरेच की! नुसता रुपया कोण चिकटवितो? रुपयाचे शेजारी कुंकवाचा लहान गोल डाग होता, आणि त्यावर नाणे नव्हते. त्यांनी मशीन उलथे केले आणि हलविले, तो आत काही खुळखुळले. मग चिमटा घालोन शोध करिता खण अडविणाऱ्या आकड्यात चार आण्याचे नाणे आडवे बैसलेले सापडले. कॉइल बिचारी धडधाकट होती, बोटाच्या जोराने अडकलेला आकडा कसाबसा हले, कॉइलच्या जोराने हलत नव्हता. नाणे काढिले, बटण दाबिले, आणि 'टिंग' करोन खण ऐसा सुटला की स्टुलावरचा चहा सांडला. सरलाबाई हसल्या आणि दुसरा चहा टाकावयास गेल्या. मिक्सरविषयी त्या समयी त्यांनी एक अक्षर विचारिले नाही, हेच धुडकूरावांस जास्त टोचले.

प्रतिपदेस सकाळी बळीराम आले. त्यांनी मांडी घातली, बारा रुपयांची थाळी ठोकली, खण येवोन पोटास लागला, आणि त्यांचे मुखावर ऐसे सुख पसरले की त्यांनी आणिक दहा थाळ्या कोणी न जेवता ठोकल्या. सरलाबाईंनी चार आणे कुंकू लावोन जागचे जागी, रुपयाशेजारी, घट्ट बैसविले. बळीरामांनी तेराशे मोजिले. धुडकूराव तैसेच सायकल टाकोन, रिक्षाने ठाकोरभाईंचे भागळेच्या दुकानी धावले, सातशे दिले, ओलीस सोडविला. आणि ठाकोरभाईंनी खूष होवोन आपल्या स्कूटरवर, मिक्सर मांडीत देवोन, त्यांस घरी पोहोचविण्याचे मनावर घेतले.

परंतु ताप्ती लाइनची पॅसेंजर, जी वर्षभर कधी वेळेवर आली नाही, ती त्या दिवशी वेळेवर आली. सुकदेवराव घरात बैसोन गुळाचा खडा आणि पाणी घेत होते, तोच दारी स्कूटर थांबली. धुडकूराव मिक्सर छातीशी धरोन उतरले. ठाकोरभाई निष्कपट मनुष्य, सरलाबाईंस बोलिले, "बेन, आ मारे त्यां दस दिवस नवरूं पड्युं हतुं!"

सरलाबाईंस सर्व उमजले. मिक्सरच्या भांड्यास हिरव्या चटणीचा वास येत होता, म्हणजे तो नवरूं देखील नव्हता. परंतु सुकदेवरावांस गुर्जर भाषा कोठली? त्यांनी 'नवरा पडला' एवढेच ऐकिले आणि पेला टाकोन उठले, "काय झाये? दाजी पडनात का काय?"

धुडकूरावांनी डोळे मिटले. तेव्हा सरलाबाई एक क्षण नवऱ्याकडे, एक क्षण मिक्सराकडे पाहोन शांतपणे बोलिल्या, "हां भाऊ, दुकानम्हा पडनात. हाऊ शेठ गाडीवर बसाडीसन घर लई उना."

ऐसे रणात जो पाय शाबूत राहिला, तो विजयानंतर जायबंदी जाहला. सुकदेवरावांनी दाजींस खाटेवर निजवोन तेल गरम करविले आणि दोन वेळ ऐसे चोळिले की धुडकूराव खरेच विव्हळले. संडासास जाताना डावा, येताना उजवा लंगडला, तेव्हा सरलाबाई दारातून हळूच "डावा" म्हणाल्या. मिक्सर फळीवर गेला, आणि त्यात सरलाबाईंचे आईसाठी मसाला बारीक होवोन डब्यात भरला गेला.

द्वितीयेस धुडकूराव लंगडत स्टेशनापर्यंत पोहोचवावयास गेले. गाडी हलली, आणि पाहतात तो मसाल्याचा डबा बाकावरच राहिला. तेव्हा त्यांस ना पायाचे भान राहिले ना मेव्हण्याचे. डबा उचलोन दोन्ही धडक्या पायांनी ते फलाटभर धावले आणि खिडकीत सरलाबाईंचे हाती डबा दिला. सुकदेवराव डोळे विस्फारोन पाहत राहिले. सरलाबाईंनी डबा पोटाशी धरिला आणि भावास म्हणाल्या, "तुना हातले गुण शे भाऊ, देख कसा पयतस!"

येणेप्रमाणे मशीन फत्ते, ओलीस मुक्त आणि मेव्हणा संतुष्ट जाहला. पाय सुकदेवरावांचे हातगुणाने बरा जाहला, ऐसेच सर्वांनी म्हणावे. काल अमळनेराहून निरोप आला की, पोळ्याची वाट पाहू नये, आठ दिवसांत येते, मिक्सर जागचा हलू नये. मिक्सर फळीवर आहे. धुडकूराव रोज सकाळी त्यावरची धूळ पुसतात, हे आम्ही स्वतः पाहिले.