पाणी आलं?

आमच्या इमारतीतला ब्रदर टोमाश कुणालाही भेटला की दोन्ही हात जोडायचा, किंचित वाकायचा आणि विचारायचा, "पाणी आलं?"

वॉचमनला विचारायचा, पोस्टमनला विचारायचा. त्याचे वरिष्ठ फादर एकदा त्याची खबरबात घ्यायला वसईहून आले, तर त्यांनाही गेटपाशी वाकून हेच विचारलं. पोरगा उन्हानं भ्रमला असं त्यांना वाटलं असावं, कारण त्यांनी आधी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

गोष्ट नव्वदच्या आसपासची. गिरगावातली खोली विकून आम्ही मिरा रोडला, सिल्व्हर पार्कजवळ वन रूम किचन घेतलं होतं. घराला गॅलरी होती, भरपूर वारा होता, फक्त पाणी नव्हतं. सकाळी जिन्यात भेटणारा प्रत्येक जण दुसऱ्याला एकच विचारायचा, "पाणी आलं?" उत्तरही ठरलेलं, "येईल." तळमजल्यावरचे सेक्रेटरी शाहभाई तेच हिंदीत म्हणायचे, "आयेगा भाई, आयेगा."

पहिल्या मजल्यावरचा ब्लॉक मिशनने भाड्यानं घेतला आणि तिथे हा पोलंडचा पंचविशीतला पोरगा राहायला आला. वस्तीतल्या मुलांना शिकवायचं हे त्याचं काम. मराठी तो पुस्तकातून शिकून आला होता. माणसं भेटल्यावर खरंच काय बोलतात हे त्यानं दोन दिवस जिन्यात उभं राहून ऐकलं आणि वहीत लिहून घेतलं, 'नमस्कार, म्हणजे पाणी आलं?'

ती वही तो शुद्धलेखन तपासायला माझ्याकडे आणायचा. वर मोठ्या अक्षरात नाव होतं, 'पहिले ठसे'. मला वाटलं पोलीस केस आहे. मग कळलं, नव्या देशात पाय ठेवल्यावर मनावर जे उमटलं ते लिहिणं चाललंय, डिक्शनरीच्या मदतीनं. दर रविवारी त्याचंच पोलिश करून तो आईला पाठवायचा. बाप लहानपणीच गेलेला, घरी आई आणि एक बहीण.

काही ठसे मला अजून पाठ आहेत. 'इथे सूर्य लवकर उठतो, पण बादल्या त्याच्याही आधी उठतात.' 'इथे कोणी नाही म्हणत नाही. पाणी आलं का विचारले तर येईल म्हणतात. हे फार श्रद्धाळू लोक आहेत.' हे वाचून मी पंधरा मिनिटं हसलो. तो आपला शांतपणे विचारतोय, "ऱ्हस्व आहे की दीर्घ?"

सगळ्यात पहिला ठसा मिठाचा होता. भाईंदरच्या मिठागरांत पांढरे ढीग पाहून गडी चालत्या जीपमधून उडी मारायला निघाला होता. बर्फ! जवळ जाऊन चाटून पाहिलं तेव्हा खात्री पटली. आईला लिहिलं, 'काळजी करू नकोस, इथेही बर्फ आहे. फक्त तो वितळत नाही.' सोबत पुडीत चिमूटभर मीठही पाठवलं. ते तिनं म्हणे खिडकीत बशीत ठेवलं होतं.

'पाणी आलं' हा नमस्कार नाही, हे मी त्याला सांगितलं नाही. खोटं कशाला बोलू, मला गंमत वाटत होती. माझी आई चिडायची. टोमाश हे नाव तिला जमलं नाही म्हणून तिनं त्याचं रमेश केलं होतं. "त्या रमेशची चेष्टा नको करूस. एवढ्याशा वयात आईला सोडून आलाय."

शाहभाईंचे वडील वारले त्या दिवशी मात्र ही गंमत माझ्या अंगाशी आली. घर माणसांनी भरलेलं. जो येतो तो शाहभाईंना चार शहाणपणाच्या गोष्टी ऐकवतोय. तेवढ्यात पांढरा झगा घालून ब्रदर आत शिरला, हात जोडले आणि हळूच म्हणाला, "पाणी आलं?" शाहभाई त्याच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "नहीं आया, ब्रदर. अभी तक नहीं आया." आणि जे रडायला लागले ते थांबेचनात. ब्रदर त्यांचा हात धरून तासभर बसला.

तिथून बाहेर पडल्यावर जिना चढताना मी लाजून सगळं कबूल केलं. म्हटलं, "ब्रदर, हा नमस्कार नव्हे हो."

"माहीत आहे," तो म्हणाला. "सहा महिने झाले."

"मग?"

"नमस्कार म्हटलं की लोक नमस्कार म्हणतात आणि निघून जातात. पाणी आलं म्हटलं की थांबतात."

पुढे मला हसता आलं नाही. संध्याकाळी कधी मुद्दाम पहिल्या मजल्यावर थांबायला लागलो, एवढंच.

दोन वर्षं अशी गेली. मग बहिणीचं पत्र आलं, आई आजारी आहे, तुझी आठवण काढते. पाच वर्षांनीच घरी जायचं असा त्यांच्यात नियम होता. मी म्हटलं, "अहो, परवानगी मागा. आईचं दुखणं आहे, देतील."

"देतील, म्हणूनच मागत नाही," तो म्हणाला. "गेलो तर परत येणार नाही, सावंत. मला माहीत आहे. मी तेवढा धीट नाही."

त्यानंतर तो पोस्टमनची वाट पाहत गेटपाशी उभा राहू लागला. माझी आई गॅलरीतून विचारायची, "रमेश, पत्र आलं का रे?" तो वर बघून म्हणायचा, "येईल."

पत्र आलं नाही, तार आली. चार दिवस उशिरा. तिकडे सगळं आटोपलंही होतं. रविवार होता. तार घडी करून त्यानं वहीत ठेवली आणि बादली घेऊन टँकरच्या रांगेत जाऊन उभा राहिला. नळ तीन दिवस कोरडे होते. लोक त्याच्याशी बोलायला जायचे आणि त्याचा चेहरा पाहून मागे फिरायचे. तो सगळ्यांशी हसत होता. ते हसणं बघवत नव्हतं.

"रडला का तो?" आईनं विचारलं.

"नाही."

तिनं पिठलं-भात केला, डबा भरला. "घेऊन जा. आज त्याची चूल पेटायची नाही."

मी डबा घेऊन खाली गेलो. त्यानं विचारलं, आज काय सण आहे? मी सांगितलं, आमच्यात घरात कुणी गेलं की त्या घरी चूल पेटवत नाहीत, शेजारी पिठलं-भात आणतात. त्यानं डबा जवळ ओढला. "म्हणजे हे आईसाठी," तो म्हणाला आणि जेवायला बसला. मी समोर बसलो. काहीतरी बोलायला हवं होतं. चार शहाणपणाच्या गोष्टी माझ्याही तोंडाशी आल्या, पण शाहभाईंचं घर आठवलं आणि त्या मी गिळल्या. शेवटी हात जोडले.

"ब्रदर, पाणी आलं?"

"येईल," तो सवयीनं म्हणाला.

दोन घास झाले. तिसऱ्याला त्याचा हात ताटातच थांबला आणि खांदे हलायला लागले. स्वयंपाकघरातला नळ उघडाच होता, त्यातून थेंबही पडत नव्हता.

"आलं," मान खाली घालून तो म्हणाला.