आधी टोपण

"चारच्या आत झालं पाहिजे हं," ताईने तिसऱ्यांदा बजावलं. "चारला गवंडी येतोय. परसात एकदा कोबा पडला, की तिथे हरवलेली आईची अंगठी गेलीच म्हणून समज."

धाकट्या भावाने शांतपणे मान डोलावली. जन्मभर रेडिओ दुरुस्त केलेल्या माणसाला पाच तारांचं काय एवढं! दाजींचं धातू शोधायचं यंत्र स्वयंपाकघरातल्या टेबलावर आडवं पडलं होतं. खाली ताटाएवढी चकती, वर आवाज करणारी डबी, आणि दांड्याला वेढे घेत चकतीपासून डबीपर्यंत गेलेली वायर. दाजी यंत्र उचलायचे ते वायरीलाच धरून. शेवटी तिच्या टोकाचा कनेक्टर त्यांच्या हातात आला. तोवर त्यांना अकरा खिळे आणि एक चमचा सापडला होता.

"मी फिरवून बघू का जरा?" ताईने सकाळीच विचारलं होतं.

"तुझं काम नव्हे. त्याला उंची लागते," सहा फुटी दाजी म्हणाले होते.

भावाने पाचही तारांना कथलाचे मोत्यासारखे डाग दिले, समाधानाने चष्मा कपाळावर सरकवला, आणि त्याला टेबलावर कनेक्टरचं टोपण दिसलं. ते वायरीत आधी ओवायचं असतं. मागून घालायला वाटच नसते.

"काय झालं?" दाजींनी विचारलं.

"काही नाही. जरा सफाई करतो." त्याने वीतभर वायर कापली.

दुसऱ्या वेळी टोपण आठवणीने आधी ओवलं. उलटं. पुन्हा वीतभर गेली.

"मी नुसता बघतोय हं," म्हणत दाजी त्याच्या खांद्यावरून वाकले. "ती लाल तार तिकडे नको का?"

हात चुकला. लालच्या जागी पिवळी गेली आणि यंत्राने चालू होताच जो गळा काढला, तो थांबेचना.

"अरे, वायर आहे की पेन्सिल? किती तासशील?" ताई म्हणाली.

चौथ्या वेळी त्याने टोपण कपाळाला लावलं, सुलट ओवलं आणि तोंड मिटून काम केलं. कनेक्टर झकास झाला. फक्त वायर डबीपर्यंत पोचेना. वेढे सोडवले, सरकता दांडा पूर्ण आत सारून आखूड केला, तेव्हा कुठे पोचली.

दाजींनी यंत्र हातात घेतलं. "हे काय, केर काढायचाय का मला?" चार पावलं वाकून चालले आणि कंबर धरून पायरीवर बसले. तेवढ्यात फाटकापाशी गवंड्याची घमेली वाजली.

ताईने पदराला हात पुसले आणि यंत्र उचललं. जणू मापाने शिवून घेतलं होतं! ती थेट नळाजवळच्या कोपऱ्यात गेली.

"तिकडे कुठे?"

"रोपं लावायला मी इथेच बसले होते."

"मग आधी नाही का सांगायचं?"

"सांगितलं होतं की. तुम्ही म्हणालात, शास्त्राप्रमाणे परसाच्या मध्यापासूनच सुरुवात करायची."

यंत्र टुणकन वाजलं. दोन बोटं मातीखाली अंगठी होती. ताईने ती नळाखाली धुतली, डोळ्यांना लावली आणि बोटात घातली. मग गवंड्याला म्हणाली, "या हो, करा सुरू."

"उद्या चांगली लांब वायर आणतो," दाजी पायरीवरूनच म्हणाले. "बसवून देशील ना रे?"

"देईन की."

भावाला पोचवायला ताई फाटकापर्यंत आली. मागे वळून एकदा पायरीकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली,

"वायर बसव हो. टोपण मात्र आधी ओवू नकोस."