चार गाठींचे आदाप्पा

माझ्या घराची वास्तुशांत चालली होती. भटजी तूप सोडायला सांगत होते आणि समोर उभे असलेले आदाप्पा दातात दोरी धरून, एक डोळा मिटून माझ्याकडे बघत होते. दोरीच्या दुसऱ्या टोकाला एक पुठ्ठा आणि पुठ्ठ्याला मधोमध चौकोनी खिडकी. त्या खिडकीतून त्यांनी आधी सगळा मांडव पाहिला, मग आम्हा नवराबायकोला पाहिलं, आणि शेवटी हात पुरता लांब करून नुसतं माझं नाक पाहिलं. खानापूरहून आलेले माझे मामा घाबरले.

"ह्यो काय करणी-बिरणी करतोय काय रं?" त्यांनी होमाच्या धुरातच मला विचारलं.

"नाही मामा, ते लेन्स निवडताहेत."

मामांचं समाधान झालं नाही. जेवणं होईपर्यंत ते आदाप्पांच्या खिडकीत सापडणार नाहीत अशा बेतानं खांबाआड बसून राहिले.

आदाप्पांचं पूर्ण नाव आदगोंडा. निपाणीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान आहे आणि दुकानामागं घर. वय पंचावन्नच्या पुढं. लग्न केलं नाही. स्थळं आली नव्हती असं नाही, पण प्रत्येक स्थळाला ते 'नोडोण' म्हणाले. नोडोण म्हणजे कानडीत बघूया. आदाप्पा घरात मराठी बोलतात, गिऱ्हाइकाशी गिऱ्हाइकाच्या भाषेत बोलतात, पण निर्णय पुढं ढकलायचा असला की हटकून कानडीत शिरतात.

छंद फोटोग्राफीचा. तेव्हा या छंदाला दहा वर्षं झाली होती आणि दहा वर्षांत त्यांनी एकही फोटो काढलेला नव्हता, कारण कॅमेरा अजून घ्यायचा होता.

मी शाळेत शिक्षक. तरुणपणी माझ्याकडे एक साधा कॅमेरा होता, एवढ्या भांडवलावर आदाप्पांनी मला तज्ज्ञ ठरवून टाकलं. दोरीची युक्ती मात्र त्यांची स्वतःची. दोरीला चार गाठी. पहिली गाठ दातात धरली की पुठ्ठा डोळ्याजवळ येतो आणि सगळं जग खिडकीत मावतं. ती रुंद लेन्स. चौथी गाठ धरली की पुठ्ठा हातभर लांब जातो आणि लांबचं एवढंसंच दिसतं, ती झूम. दिवसभरात कुठली गाठ किती वेळा लागली, त्याच्या रेघा ते दुकानातल्या कॅलेंडरवर ओढत. ज्या गाठीला रेघा जास्त, ती लेन्स घ्यायची. शास्त्र बिनतोड होतं. फक्त दर वर्षाअखेरीला पहिली आणि चौथी गाठ बरोबरीत सुटत आणि आदाप्पा नवं कॅलेंडर टांगत.

महिन्यातून एका रविवारी ते बेळगावला कॅमेऱ्याच्या दुकानात जात. सोबत पिशवीत तागडी असे. "बॉडी सहाशे ग्राम, लेन्स आठशे. आनि मान एकच की हो, सर!" दुकानदाराला त्यांचे पहिले तीन प्रश्न पाठ झाले होते. वजन किती? पट्टा चामड्याचा न्हाय नव्हं? बटण दाबल्यावर आवाज किती हुतोय? एकदा त्यांनी ओळीनं सात कॅमेरे कानाशी धरून खटखट वाजवून पाहिले. बाजूचं गिऱ्हाईक बिचारं दुकान रेडिओचं समजून निघून गेलं.

या दहा वर्षांत त्यांनी खरेदी केली ती एकाच वस्तूची, फिल्टरची. लेन्सपुढं बसवायची ती गोल काच. दुकानदारानं सहज सांगितलं की हिच्यामुळं धूळ-पाणी लेन्सवर येत नाही. आदाप्पा एकदम उभे राहिले. "हे पयलं द्या! आमी पानी गाळल्याबिगर पीत न्हाय, मग उजेड तसाच कसा घ्यायचा?" जैनाच्या घरात गाळण्याशिवाय हंडा भरत नाहीत, तेव्हा त्यांच्या दृष्टीनं तेही बिनतोडच होतं. पण फिल्टरला माप असतं. आता आदाप्पांना लेन्स आवडली तर फिल्टर बसेना, आणि फिल्टर बसला तर लेन्स आवडेना. मी म्हणालो, फिल्टर बदलून घ्या. तर म्हणाले, "चांगला हाय की हो फिल्टर. त्याचा काय दोष?"

आणखी एक घोळ होता. फोटोला सगळ्यात चांगला उजेड म्हणजे दिवस मावळायच्या आधीचा तास. नेमका तोच आदाप्पांच्या जेवणाचा. त्यांच्याकडं सूर्यास्तानंतर चूल नाही. सोनेरी उन्हात अख्खी निपाणी न्हाऊन निघत असते आणि हे आत पाटावर बसून भाकरी मोडत असतात. कमी उजेडात चालणारी लेन्स कुणी सुचवली की ते हात झटकत. "अंधार पडायच्या आत आमचं सगळं आवरलेलं असतंय. ती लेन्स काय मी झोपल्यालं बघायला घेऊ?"

त्यांना जेवायला वाढायच्या त्या रत्नाक्का. आदाप्पांच्या थोरल्या बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत विधवा होऊन माहेरी आल्या, तेव्हा आई नुकतीच गेलेली आणि आदाप्पा चार वर्षांचे. त्यांनीच भावाला न्हाऊमाखू घातलं, शाळेत घातलं, दुकान घालून दिलं. बाई हसऱ्या आणि फटकळ. दोरी दातात धरलेला भाऊ दिसला की म्हणायच्या, "लहानपनी आदा दूध सोडीना, आता दोरी सोडीना."

गेल्या दिवाळीनंतर रत्नाक्कांनी घरात सांगितलं की त्या दीक्षा घेणार. व्रतं, उपवास वर्षानुवर्षं चाललेच होते, त्यामुळं गल्लीला फारसं नवल वाटलं नाही. मुनिमहाराजांनी माघातला दिवस काढून दिला. दीक्षा म्हणजे घर सुटलं, नाव सुटलं, नातं सुटलं. त्या दिवसापासून त्या माताजी. पांढरं एक लुगडं, हातात मोरपिसांची पिंछी, पायी विहार. पुन्हा कधी गावात आल्या तर मंदिरात उतरतील, आदाप्पांच्या घरात राहणार नाहीत.

आदाप्पा त्याच दिवशी माझ्याकडं आले. "सर, आक्काचा घरातला एकबी फोटो न्हाय. ती जायाच्या आत एक तरी पायजे. आता कॅमेरा घ्यायचाच."

दहा वर्षांत त्यांच्या तोंडून 'घ्यायचाच' असा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. म्हणालो, मोबाइलवर काढू की आत्ता. त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मी मोबाइल खिशात घातला.

दोन महिने हातात होते. तीन रविवार आम्ही बेळगावला गेलो. पहिल्या रविवारी आदाप्पा म्हणाले, मंडपात गर्दी असणार, लांबची लेन्स पाहिजे. दुसऱ्या रविवारी म्हणाले, आपलं घर अरुंद, जवळची पाहिजे. तिसऱ्या रविवारी दुकानदारानं हात जोडून दोन्ही पुढ्यात ठेवल्या. आदाप्पांनी दोन्ही तोलल्या, दोन्हींवर फिल्टर लावून पाहिला आणि म्हणाले, "नोडोण." परतीच्या बसमध्ये मी त्यांच्यापासून दोन बाकं सोडून बसलो. मला खरंच राग आला होता.

हा राग मी रत्नाक्कांपुढं काढला. त्या मागच्या दारात शेंगा फोडत बसल्या होत्या.

"त्याला कळतंय सगळं, सर," त्या म्हणाल्या. "कॅमेरा आला की मी जानार, असं त्याच्या डोस्क्यात बसलंय. म्हून घेईना झालाय. माझा दिवस काय कॅमेऱ्यासाठी थांबतोय व्हय?"

दीक्षा घेणाऱ्या बाईला, ती विधवा असली तरी, नातलग घरोघरी बोलावून ओटी भरतात. बेळगावातच शहापूरला राहणाऱ्या चुलत बहिणीचं बोलावणं आलं तेव्हा रत्नाक्का तिथं जेवल्या, ओटी घेतली आणि आम्हा दोघांना घेऊन सरळ कॅमेऱ्याच्या दुकानात येऊन स्टुलावर बसल्या. मी आणि आदाप्पा मागं उभे.

"मी कुठं बसल्याली फोटोत पायजे तुला?" त्यांनी भावाला विचारलं.

"मागच्या दारात," आदाप्पा म्हणाले. या प्रश्नाला त्यांनी जराही वेळ लावला नाही.

"आनि तू कुठं हुभारनार?"

"न्हाणीपाशी."

"मग तेवढ्या लांबनं बरुबर दिसती ती द्या ह्याला." दुकानदारानं एक साधी लेन्स काढली. ना जवळची, ना लांबची, दुसऱ्या गाठीची. कॅलेंडरवर तिला कधी चार रेघाही मिळाल्या नव्हत्या.

"ह्याला फिल्टर बसत न्हाय, आक्का," आदाप्पा पुटपुटले.

"ऱ्हाऊ दे की. मला काय गाळून बघनार हाईस?"

दुकानदार हसला, मी हसलो, थोड्या वेळानं आदाप्पाही हसले. दहा वर्षांचं काम रत्नाक्कांनी चहा निवायच्या आत उरकलं होतं. तागडी पिशवीतच राहिली.

निघायच्या दिवशी सकाळी त्यांच्या अंगणात सगळी गल्ली जमली. रत्नाक्कांनी एकेकापुढं हात जोडून क्षमा मागितली, माझीही मागितली. मीही हात जोडले. मग त्या शेवटचं म्हणून घरात गेल्या आणि त्यांच्या मागून कॅमेरा घेऊन आदाप्पा. बटणाचा आवाज मला एकदाच ऐकू आला. लगेच दोघं बाहेर आले, रत्नाक्का मिरवणुकीच्या गाडीत बसल्या आणि वाजंत्री सुरू झाली.

दीक्षेच्या मंडपात ठेक्याचे चार फोटोग्राफर होते, वर ड्रोन घोंघावत होता. आदाप्पांच्या गळ्यात कॅमेरा होता, पण हात रिकामे नव्हते. केशलोच चालला होता आणि उपटलेले केस झेलायला धरलेल्या कापडाची दोन टोकं त्यांच्या हातात होती. बहिणीचे पिकलेले केस त्या कापडात पडत होते आणि हा माणूस कापड जराही हलू देत नव्हता. शेवटी नवं नाव पुकारलं गेलं. रांगेत आमच्यापुढं आदाप्पा होते. "वंदामि माताजी," ते म्हणाले आणि वाकले. माताजींनी सगळ्यांवर उचलली तशीच त्यांच्यावर पिंछी उचलली.

महिन्याभरानं मी वांग्याचं बी आणायला दुकानात गेलो. गल्लीत माताजींचा मोठा फोटो आला होता, पिंछी-कमंडलू घेतलेला, ठेक्याच्या फोटोग्राफरनं काढलेला. घरोघरी तो लागला होता, आदाप्पांच्याही दुकानात पैशाच्या गल्ल्यामागं होता. गिऱ्हाइकं त्याला हात जोडून मग बियाण्याचा भाव विचारत.

"आणि तुमचा?" मी विचारलं.

ते आत गेले आणि धुतलेल्या फडक्यात गुंडाळलेला कॅमेरा घेऊन आले. मागच्या छोट्या पडद्यावर फोटो दिसला. एकच होता. मागचं दार, दारात रत्नाक्का, अर्ध्या वळलेल्या. उजेड झकास, चौकट सरळ. पण तज्ज्ञाला बोलल्याशिवाय राहवतं कुठं?

"छान आहे," मी म्हणालो, "पण जरा थांबून काढायला हवा होता, आदाप्पा. तोंड उघडं आलंय त्यांचं."

"व्हय," आदाप्पा म्हणाले. त्यांनी कॅमेरा माझ्या हातातून हलकेच परत घेतला. "मला 'आदा' म्हनत हुती. तसं म्हननारं आता कोन न्हाय, सर."