इनंडेशनचा तास

इंग्रजी शब्द माझ्याकडे एकदा शिकलात की मरेपर्यंत विसरणार नाही! ही बढाई नव्हे. लातूरच्या माझ्या शिकवणीच्या पाटीवरच तसं लिहिलं होतं. मी शब्द मुळासकट उपटून दाखवतो.

भूकंपानंतरच्या वर्षाची गोष्ट. जमीन अजून अधूनमधून गुरगुरायची. घराघरांत स्टीलच्या पेल्यांची उतरंड रचलेली असायची. पेले वाजले की बाहेर पळायचं! माझ्या टेबलावरही एक होती. वर्ग भरायचा घरमालक सिद्धलिंगअप्पांच्या पत्र्याच्या शेडमध्ये. कोपऱ्यात त्यांचं कोरडं बोर होतं. त्यावर फळी टाकून, तिच्या शेजारी मी टेबल मांडलं होतं.

त्या दिवशी संध्याकाळी चाकूरहून भुजंगराव आले. त्यांची ऋतुजा माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी.

"सर, पोरीला घेऊन चाललो. हितली जमीन बरी न्हाई."

ऋतुजाचे डोळे भरले.

"एक तास बसा, मग न्या!" मी म्हणालो. ते दाराशी बसले, वहाणा हातात धरून.

मी फळ्यावर लिहिलं, इनंडेशन. "म्हणजे सगळीकडे पाणीच पाणी! लॅटिनमध्ये उंडा म्हणजे लाट. लाट आत घुसली की इनंडेशन. म्हणा!"

"उंडा म्हणजे लाट!" पोरं ओरडली.

गुडगुड! खालून उत्तर आलं.

मी पुढच्या बाकावरच्या अंबरीशकडे पाहिलं. "डबा खाल्ला नाहीस का रे?"

"खाल्ला, सर."

"पुन्हा म्हणा!"

"उंडा म्हणजे लाट!"

गुडगुड, गुडगुड... आता ते थांबेना. फळीच्या फटीतून गार वारा माझ्या पायांना लागला, त्याला ओल्या मातीचा वास होता. बाहेरचं कुत्रं भुंकता भुंकता गप्प झालं.

"सर," भुजंगराव हळूच म्हणाले, "खाली कोन बोलायलंय?"

"कोणी नाही!" मी म्हणालो. खरं सांगतो, मला घाम फुटला होता. तिथंच थांबायला हवं होतं. पण ऋतुजा माझ्याकडे बघत होती, थांबवेना.

"सराउंडसुद्धा याच कुळातला! आधी अर्थ होता, वरून वाहणं. मग झाला, चारी बाजूंनी वेढणं!"

पेले खणखणले. फळी उडाली. बोरातून पाण्याचा खांब उठला आणि थेट पत्र्याला भिडला!

"भूकंप! पळा!" पोरं दारातून, खिडकीतून, मिळेल तिथून बाहेर. मी टेबलावर चढलो. चारी बाजूंनी पाणी, त्यात चपला आणि माझा डस्टर तरंगत होता.

"पाणी लागलं हो!" अप्पा अंगणातून किंचाळले. "घागरी आणा!" क्षणात अख्खी गल्ली माझ्या वर्गात रांगेला उभी.

भुजंगराव तेवढे हलले नव्हते. ते पाण्यातून चालत आले आणि त्यांनी मला हात जोडले.

"असा पाणाड्या म्या बगितला न्हाई! हातावर नारळ न्हाई, काडी न्हाई. नुसतं बोलून पाणी!"

"अहो, भूकंपानं जमिनीखालचे झरे सरकले असतील..."

"हाव, हाव. पोरगी ऱ्हाईल. पर रविवारी माझ्या कोरड्या बोराला हा धडा शिकवाया या."

काय करता! रविवारी चाकूरच्या शिवारात मी एम. ए. इंग्लिश, पाणी शोधणाऱ्या पाणाड्यासारखा तळहातावर नारळ घेऊन उभा. भोवती सगळं गाव. काळ्याकुट्ट बोरात तोंड घालून मी ओरडलो, "उंडा!"

बराच वेळ काही नाही. मग खालून आवाज आला, "उंडा..." माझाच असावा. पण माझ्यापेक्षा फार म्हातारा वाटला. अंगावर सर्रकन काटा आला. पुन्हा ओरडायचं धाडस होत नव्हतं, पण गाव बघत होतं, म्हणून ओरडलो. पाण्याचा थेंब नाही!

भुजंगरावांनी माझ्या हातातला नारळ काढून घेतला.

"पोरगी लातूरलाच शिकंल, सर. पर शिकवणी दुसरी बगतो. तुमचं इंग्रजी वेशीबाहेर चालत न्हाई!"