थांब्याच्या पाटीचं लग्न

पाच माणसं एकत्र आली की राज्य डळमळतं, हे शास्त्र गोऱ्या साहेबांनी शोधून काढलं. परभणीकडे तेव्हा निजामाचा अंमल. त्यामुळे गोऱ्यांचा हा जमावबंदीचा कायदा इथल्या लोकांना मिळाला तो स्वातंत्र्यानंतर. (उशिरा मिळाला, पण अजून नव्यासारखा चालतो. कलमाचा आकडा तेवढा बदलला.)

पालमपासून अकरा किलोमीटरवर कुसुमबाईंचं गाव. तिथली सकाळची एसटीची गाडी दोन महिन्यांपूर्वी बंद झाली. नात वैष्णवी दहावीला, परीक्षा तोंडावर आणि शाळा पालमला. कुसुमबाईंनी ठरवलं, गाडी येईपर्यंत बायांनी थांब्यावर बसून राहायचं. ना दगड, ना घोषणा. दुसऱ्याच दिवशी तिथल्या लिंबाला आदेश चिकटला: पंधरा दिवस पाच किंवा अधिक इसमांनी जमू नये, लग्न व अंत्यविधी वगळून.

कुसुमबाईंनी तो नातीकडून दोनदा वाचून घेतला.

"मरायला तर कुणी तयार न्हाई," त्या म्हणाल्या, "मंग लगीनच लावू."

थांब्याच्या पाटीला हळद लागली, मुंडावळ्या बांधल्या. नवरदेव अर्थात गाडी. बेचाळीस बाया वऱ्हाडी होऊन रस्त्याकडेला बसल्या. हवालदार महारुद्र आले.

"नवरदेव कुठंय?"

"त्याचीच वाट बघायलोत, दादा. दोन महिने झाले."

महारुद्रांनी लग्न खोटं असल्याचं लिहायला घेतलं, आणि नेमका तेव्हाच घात झाला. वरमाय ठरलेल्या सुलाबाईंना चहा मुलीकडच्यांच्या नंतर मिळाला.

"आमी पोराकडच्या! मानपान काय हाय का न्हाई?"

सुलाबाई रुसून लिंबाखाली जाऊन बसल्या. सतरा जणी त्यांच्या बाजूला गेल्या, उरलेल्या समजूत काढायला. रुसवा अगदी खरा होता. कुसुमबाईंनी कपाळावर हात मारला. वैष्णवीचं वर्ष या कपभर चहात बुडालं, असं त्यांना वाटलं.

महारुद्रांनी मात्र आधीचं लिहिलेलं खोडलं. अठरा वर्षांच्या नोकरीत इतकं अस्सल लग्न त्यांनी पाहिलं नव्हतं. नोंद केली: 'वरमाय रुसली. लग्न खरे आहे.' आणि बंदोबस्त वाढवून मागितला. (मानपानात डोकी फुटतात, हा त्यांचा अनुभव.)

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पालमहून पंचवीस शिपाई आले. त्यांना आणायला वाहन कुठलं? तीच गाडी!

"आला गं बाई, नवरदेव आला!" कुसुमबाई नाचल्याच. गाडीला ओवाळलं, अक्षता उडाल्या, पंचवीस शिपायांना टॉवेल-टोपी झाली. रिकामी परत जाणारी गाडी वैष्णवीसह एकोणीस मुली घेऊन गेली. सुलाबाईंनी रुसवा पुढे मुद्दाम टिकवला, म्हणून बंदोबस्तही टिकला आणि गाडी एक दिवस चुकली नाही.

सोळाव्या दिवशी आदेश संपला, गाडीही. कुसुमबाईंनी लगोलग अर्ज दिला: "साहेब, जमावबंदी उठवू नका. दहावीचे पेपर होईस्तोवर तरी ठेवा. जमाव आमी पुरवू."

अर्ज विचाराधीन आहे.

तुम्हाला हसू आलं असेल. साहजिक आहे. या कायद्याचा तुम्हाला कधी त्रास झालेला नाही. कारण कुठे चौघं बसलेली दिसली, तर पाचवे म्हणून तुम्ही कधी जाऊन बसलाच नाहीत.