घाटावर मार्क देणारी आत्या

आमची शकूआत्या दशक्रियेला मार्क द्यायला जायची. मयत कोणाचं, आपलं नातं काय, याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं. निरगुडसर किंवा आसपासच्या गावांत कोणाचा दहावा असला, की ही सकाळीच घाटावर हजर, बायकांच्या पहिल्या रांगेत. आमच्याकडे दहाव्याला भाषणं होतात. सरपंच बोलतो, पतसंस्थेचा चेअरमन बोलतो आणि पुढच्या निवडणुकीला उभा राहणारा सगळ्यांत जास्त बोलतो. वक्त्याने माइक खाली ठेवला, की आत्या निकाल लावायची, घाटभर ऐकू जाईल असा.

"दहापैकी तीन. विषय सोडून बोलला."

जन्मभर सख्ख्या भावाशी बांधावरून भांडलेल्या एका माणसाला चेअरमनने 'भावकीचा आधारवड' म्हटलं. आत्या म्हणाली, "शून्य. खाली बस." आणि पन्नाशीचा चेअरमन खरोखर खाली बसला. तिसरीला त्याला तिनेच शिकवलं होतं.

नव्वदच्या दशकात ती जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाली, पण हे तिला कोणी कळवलं नसावं. माझा नवरा पहिल्यांदा तिच्याकडे जेवायला आला तेव्हा तिने त्याची नखं तपासली आणि हात धुवायला त्याला परत मोरीत पाठवलं. इंजिनिअर माणूस, मुकाट्याने गेला. एसटीत चढली की कंडक्टरला विचारायची, "तुझा नंबर कितवा असायचा रे?" त्याने सांगितला तरी तिचा विश्वास बसायचा नाही.

तिचा स्वतःचा नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत ट्रॅक्टर दुरुस्तीच्या कामासाठी बोरी बुद्रुकला गेला आणि तिथेच सुमन नावाच्या बाईबरोबर संसार थाटून राहिला. आत्या त्याला 'आमचे गैरहजर' म्हणायची. मंगळसूत्र मात्र गळ्यात असायचं. कोणी छेडलं तर म्हणायची, "गावाच्या तोंडाला कुलूप नको का?" सगळे हसायचे. तिचे विनोद आमच्या घराला फार सोयीचे होते. बाई हसवते म्हटल्यावर तिचं कसं चाललंय हे कोणाला विचारावं लागत नाही.

दोन हजार सालानंतर कधीतरी तो वारला. निरोप बोरीहून आलाच नाही. दूधवाल्याकडून कळलं, तेही माती होऊन गेल्यावर. दहाव्याला जायचं म्हणून आत्या पातळाला इस्त्री करत होती, तर माझे वडील, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, दारात आडवे उभे राहिले.

"आक्का, तू जायचं न्हाई. ज्यानं जितेपणी विचारलं न्हाई, त्याच्या पिंडापुढं कशाला बसायचं? लोकं हसतील."

"लोकं तशीही हसतातच," आत्या म्हणाली. "मी बायको आहे त्यांची. मला तिथं बायको म्हणून बसायचंय. बाकी काही नको."

तमाशा झाला तर आवरायला म्हणून मला सोबत पाठवलं.

बोरीला कुकडी नदीच्या घाटावर तिला कोणी 'या' म्हटलं नाही. बायका सरकल्या, पण जागा द्यायला नव्हे, अंतर ठेवायला. ती शेवटच्या रांगेत बसली. भाषणं सुरू झाली. "त्यांच्यामागे पत्नी सुमनताई, दोन मुलं, सुना, नातवंडं असा परिवार आहे," वक्ता म्हणाला. मी तिचं मनगट धरलं. गरज नव्हती.

पिंड मांडले. कावळा समोरच्या बाभळीवर येऊन बसला, पण खाली येईना. थोरला मुलगा हात जोडून म्हणाला, "बापू, इहिरीचं काम पुरं करतो." धाकटा म्हणाला, "पोरीला डॉक्टर करतो." कोणीतरी पिंडाशेजारी बिडी ठेवली. कावळा ढिम्म. ऊन चढलं, पंगतीची भाजी निवायला लागली.

एक म्हातारा ओरडला, "आरं, निरगुडसरच्या बाई आल्यात ना? जीव तिकडंच आडाकला आसंल!" लोक हसले.

तेवढ्यात सुमन उठली. कपाळ उघडं, डोळे सुजलेले. सगळ्यांदेखत बायकांमधून वाट काढत ती आत्यापुढे येऊन उभी राहिली.

"बाई, आमचं कुणाचंच आईकंना त्यो. तुमी बोला. तुमचा हक्क माज्या आदीचा हाय."

सगळ्यांना आता गंमत हवी होती. आत्या उठली, पदर सारखा केला आणि पिंडापाशी जाऊन वाकली. वर्गातला तो आवाज तिने काढला नाही. मी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं.

"जेवून घ्या आता," ती म्हणाली. "लई उशीर झाला."

कावळा आला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि लोक पंगतीकडे पळाले. सुमनला सुनांनी धरून नेलं. आत्याला कोणी जेवायला बोलावलं नाही.

जीपवाला हॉर्न देत होता. मी मागे वळून हाक मारली. घाटावर दोन कुत्री आली होती आणि आत्या हातात काटकी घेऊन त्यांना पिंडापासून हाकलत होती.

"तू हो पुढं," ती म्हणाली. "त्यांचं पान असं उघडं टाकून कसं यायचं?"