दगडूबुवांचं अपुरं वाक्य

एका जंगलात दगडूबुवा नावाचं एक साळिंदर मरत असे. राहत असे नव्हे, मरत असे. नीट ऐका, बाळांनो, आणि तो मोबाइल आधी खाली ठेवा.

हे जंगल व्हिडिओ गेममधलं होतं. कुणी गेम सुरू केला की लांडगा यायचा आणि बुवांना मारायचा. मग त्यांचा मुलगा सर्जा चवताळून सूड घ्यायला निघायचा. म्हातारा मेल्याशिवाय पोराच्या धावपळीला अर्थ येत नाही, असं गेम लिहिणाऱ्याचं ठाम मत होतं.

मरताना बुवांना एक वाक्य दिलेलं होतं. "सर्जा, दुःखाला अर्थ असतो, आणि तो म्हणजे..." इथवर येताच खेळणारा कंटाळून प्रसंग पुढे ढकलायचं बटण दाबायचा. बुवा खलास. सर्जा पसार.

फांदीवर एक होला पक्षी असे. दुःखद प्रसंगी घुमणं हे त्याचं काम. त्याने एकदा विचारलं, "बुवा, पुढे काय हो?"

"मला तरी कुठं ठाऊक? तिथवर मी कधी जगलोच नाही."

"मग सारखे मरता कशाला?"

"अरे, त्या वाक्यासाठीच तर! अर्थ असल्याशिवाय कुणी एवढा मार खाईल का?"

मला बुवांचं फार वाईट वाटतं. तुम्हाला नाही वाटणार, तुम्ही बटण दाबणारे.

एके दिवशी ऐन त्या प्रसंगी खेळणाऱ्याला आईने जेवायला हाक मारली. तो बटण न दाबताच उठून गेला. लांडगा अवघडून बाजूला उभा राहिला. होला घुमायचा थांबला. बुवांनी हर्षाने वाक्य पुढे नेलं.

"सर्जा, दुःखाला अर्थ असतो, आणि तो म्हणजे... इथे नंतर काहीतरी खोल टाकू."

लिहिणारा ती जागा भरायला विसरला होता.

"नंतर म्हणजे कधी, बाबा?" सर्जाने विचारलं.

लांडग्याने मान फिरवली.

जेवून आल्यावर खेळणाऱ्याने गेम पुन्हा सुरू केला. लांडगा आला. "सर्जा, दुःखाला अर्थ असतो, आणि तो म्हणजे..." एवढं म्हणून बुवांनी घाईघाईने आपणच प्राण सोडला. खेळणाऱ्याचं बोट बटणावरच थांबलं. त्याचे डोळे भरून आले.

"काय लिहिलंय यार!" तो म्हणाला.

ही गोष्ट गावभर झाली. त्या वर्षी लिहिणाऱ्याला सखोल लेखनाचं बक्षीस मिळालं.

तात्पर्य: दुःखाला अर्थ असतोच. फक्त तो सांगायची वेळ येण्याआधी मरून घ्यावं.